डोळ्यातला शागीर्द

माझ्या दिरांच्या उजव्या डोळ्यात एक शागीर्द राहतो. मागच्या माघात त्याच्यामुळे तो डोळा जायची वेळ आली होती. शागीर्द वाईट नव्हता. उलट इतका गुणी की गुरू गप्प बसला तरी हा आपला शिकवलेला धडा गिरवतच राहिला.

पण हे आधीपासून सांगायला हवं. मी मंदाकिनी साळुंखे. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, त्यामुळे अर्धवट सांगितलेलं मला चालत नाही. आमचं घर सनईचं. साताऱ्याहून पाऊण तासावर आमचं गाव, गावात भैरवनाथाचं देऊळ, आणि तिथे रोज पहाटे आणि सांजेला सनई वाजवायचा मान आमच्या घराकडे. माझे धाकटे दीर सर्जेराव सनई वाजवायचे आणि माझे यजमान दिनकर त्यांच्या शेजारी बसून सूर धरायचे.

सूर धरायचा म्हणजे काय, ते पुष्कळांना ठाऊक नसतं. सुराच्या सनईची भोकं मेणाने बुजवलेली असतात. तिच्यातून एकच स्वर निघतो, आणि तो सुरू केला की वाजवणं संपेपर्यंत तोडायचा नाही, श्वास घ्यायलासुद्धा नाही. गालात हवा साठवायची, ती गालांनी हळूहळू सोडत राहायची आणि तेवढ्यात नाकाने नवा श्वास ओढून घ्यायचा. बाजूचा माणूस त्या स्वरावर हवा तितका हिंडून येतो, कारण घर कुठे आहे ते त्याला सतत ऐकू येत असतं.

लोक सनई ऐकतात, सूर कोण ऐकतो? लग्नाच्या पत्रिकेत, उत्सवाच्या फलकावर एकच ओळ असायची: सनईवादक सर्जेराव साळुंखे आणि साथीदार. आमचे यजमान म्हणजे ते ‘आणि साथीदार’. त्यांना त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं. चांगलंच वाटायचं.

सर्जेरावांना काचबिंदू होता. डोळा हा काही भरीव गोळा नाही. आत पाणी असतं, ते सतत तयार होतं आणि सतत वाहून जातं, आणि त्याच्या दाबामुळे डोळा आपला आकार धरून राहतो. पाणी बाहेर जायची वाट अडली की दाब वाढतो आणि मागची नस चेपत जाते. त्यांचा डावा डोळा याच दुखण्यात गेला. दाब उतरवायची शस्त्रक्रिया चालू असतानाच डोळ्याच्या आतल्या अस्तराखाली रक्त फुटलं आणि होतं नव्हतं ते गेलं. उरला उजवा, आणि जोरात फुंकर मारली की त्याचा दाब उसळायचा. ते सनई फुंकायचे छातीतून, मानेच्या शिरा टरटरून. साताऱ्याच्या डॉक्टर यास्मिन मुजावर यांनी ते एकदा दवाखान्यात मोजून पाहिलं आणि यंत्रावरचा आकडा आम्हाला दाखवला.

“सनई सोडावी लागेल,” त्या म्हणाल्या.

“सनई सोडून डोळा ठिवायचा,” सर्जेराव म्हणाले. “मग त्या डोळ्यानं बघू काय, भितीला टांगलेली सनई?”

डॉक्टर तरुण असल्या तरी चिवट. महिन्याभराने त्यांनी स्वतःच फोन केला. नव्या तऱ्हेची झडप आली होती. तांदळाच्या कणीएवढी, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पापणीआड बसवायची, आणि पापणीच्या उघडझापेतूनच तिला वीज मिळायची. आधीच्या झडपा दाब वाढल्यावर उघडत. तोवर नस चेपलेली असे. ही झडप शिकत होती. माणसाचा दाब दिवसात केव्हा चढतो, किती चढतो, किती वेळ राहतो, हे काही महिने बघून ती चढाच्या जरा आधीच उघडायची आणि जागा करून ठेवायची. बाहेरून तिला कोणी हुकूम देऊ शकत नव्हतं, डॉक्टरसुद्धा नाही. शरीरातल्या यंत्रांत बाहेरच्यांनी हात घातल्याचे प्रकार झाल्यापासून कायदाच तसा झाला होता. डॉक्टरांना फक्त वाचता येत होतं. त्यासाठी कुंकवाच्या करंड्याएवढी एक डबी दिली होती. रोज डोळ्याजवळ धरली की झडपेची सगळी हकिगत डॉक्टरांकडे पोहोचायची.

झडप बसली. महिन्या-दोन महिन्यांत तिने पहाटेचा आणि सांजेचा चौघडा पाठ केला. सर्जेराव सनई ओठाला लावायच्या आधी ती उघडायची, सनई खाली ठेवली की मिटायची. दाबाची रेघ सपाट. सर्जेरावांना इतका आनंद झाला की त्यांनी तिला शागीर्द म्हणायला सुरुवात केली.

“आजवर इतकी पोरं शिकाय आली,” ते म्हणायचे, “पर येळ पाळणारा ह्यो एकलाच.”

खंडेनवमीला आमच्याकडे वाद्यांची पूजा होते. त्या वर्षी त्यांनी दोन्ही सनयांशेजारी ती डबीही मांडली आणि तिला हळदकुंकू वाहून झेंडूचं फूल ठेवलं. “शागिर्दाचा मान,” म्हणाले. पूजा झाल्यावर डबी देवघरातच त्यांच्या सनईजवळ राहिली. रोज सकाळी देवाला नमस्कार करायचा, डबी डोळ्याला लावायची आणि परत जागेवर ठेवायची. दिनकरना या सगळ्याचं हसू यायचं. मलाही.

माघात दिनकर गेले. पहाटे देवळातून आले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत थांबले नाहीत. मी कप घेऊन उभी राहिले आणि तो कप कुठे ठेवायचा तेच मला कळेना. आम्हाला मूलबाळ नव्हतं, तेव्हा अग्नी सर्जेरावांनी दिला. पुढचं सगळं करणंही त्यांच्याकडेच आलं: घोंगडीवर झोपायचं, एकवेळ जेवायचं, घराबाहेर पडायचं नाही. फोनसुद्धा त्यांनी बंद करून ठेवला. भावकीतले सगळ्यांत वडीलधारे शंकरतात्या येऊन बसले आणि घराची शिस्त त्यांनी हातात घेतली. मधल्या खोलीत दिवा लावला आणि घरच्या रीतीप्रमाणे त्या दिव्याशेजारी गेलेल्या माणसाचं वाद्य ठेवलं, म्हणजे दिनकरची सुराची सनई. देवघराला कडी घातली. सुतकात पूजा नाही, वाद्याला हात नाही. भावकी सगळी सुतकात, त्यामुळे देऊळही मुकं झालं.

येणारे-जाणारे सर्जेरावांना म्हणत होते, “एका परीनं डोळ्याला आराम मिळाला बघा.” मलाही तेच वाटलं. विज्ञानाच्या बाई मी, आणि मलाही तेच वाटलं.

पाचव्या दिवशी जेवताना त्यांचा हात ताटाच्या डाव्या कडेची भाजी चाचपडू लागला. भाजी तिथेच होती. मग तांब्यातलं पाणी फुलपात्राच्या बाहेर ओतलं गेलं.

“भाऊजी, दिसत नाही का?”

“दिसतंय की. जरा रडल्यामुळं धुरकाटलंय.”

रडल्यामुळे धुरकट होतं, हे खरं. माझंही होतं तसं. पण डोळा पुसला की माझं परत दिसायचं, त्यांचं दिसत नव्हतं. मी खोदखोदून विचारलं तेव्हा बोलले. दोन दिवसांपासून नजरेच्या दोन्ही बाजूंनी काळसर काहीतरी आत येत होतं, टेकड्यांसारखं. दुखत काहीच नव्हतं, म्हणून ते गप्प राहिले. शिवाय सुतकात कुठे दवाखान्यात जायचं?

मी फोन उचलणार तोच तो वाजला. डॉक्टर मुजावर.

“काकू, सर्जेरावकाकांचं वाचन पाच दिवस आलं नाही आणि त्यांचा फोनही लागत नाही. डबी बिघडली का?”

डबी बिघडली नव्हती. डबी देवघरात होती, कडीच्या आत, झेंडूच्या वाळक्या फुलाशेजारी. मी कडीला हात घातला तसे तात्या ओसरीवरून उठून आले.

“सूनबाई, पुजंला लावलंय ते. देवाचं झालं.”

“देवाला डोळे आहेत तात्या. यांना एकच आहे,” मी म्हटलं आणि डबी घेऊन बाहेर आले. तात्यांना ते लागलं हे दिसलं.

डबी डोळ्याजवळ धरली आणि फोनवर पलीकडे डॉक्टरांनी आकडे दोनदा वाचले. मग म्हणाल्या, “त्यांना हलवू नका, वाकू देऊ नका. गाडीचे धक्केही नकोत. मीच येते.”

तासाभरात त्या आल्या. सर्जेरावांना घोंगडीवरच उशीला टेकवलं आणि बोटाएवढा सोनोग्राफीचा दांडा मिटलेल्या पापणीवर हलकेच ठेवला. चित्र त्यांच्या हातातल्या पडद्यावर आलं. गोल डोळ्याच्या आत दोन्ही बाजूंनी दोन फुगवटे आले होते आणि मधे जेमतेम फट राहिली होती.

“काय आहे हे?” मी विचारलं.

“डोळ्याच्या भिंतीला तीन थर असतात काकू. बाहेर पांढरा, कडक. सगळ्यात आत नेत्रपटल, ज्याने दिसतं. आणि त्या दोघांच्या मधे रक्तवाहिन्यांचा एक मऊ थर, नेत्रपटलाला पोसणारा. हा मधला थर भिंतीला चिकटवलेला नसतो. आतल्या दाबाने तो भिंतीशी टेकून असतो, इतकंच. दाब फारच उतरला की त्याच्या वाहिन्यांतून पाणी पाझरतं, थर आणि भिंत यांच्या मधे साठतं आणि थर सुटून आत फुगतो.”

“भिंतीत ओल मुरून पोपडा सुटतो तसं.”

“तसंच. फक्त हा पोपडा जिवंत आहे. आत्ता नुसतं पाणी आहे, ते परत शोषलं जातं. पण हे दोन फुगवटे मधे एकमेकांना टेकले तर नेत्रपटल नेत्रपटलाला चिकटेल. आणि ताणाने एखादी वाहिनी तुटली तर...” त्यांनी सर्जेरावांच्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

पण दाब कशामुळे उतरला, ते त्यांनाही कळत नव्हतं. त्या डबीतली हकिगत उलगडत बसल्या. रोज पहाटे दाब धाडकन खाली, दुपारी जरा वर, सांजेला पुन्हा खाली. खाली म्हणजे किती, तर दहाच्या वर हवा तिथे तीन.

“काका, पहाटे तुम्ही काय करता?”

“काय करणार? सुतक हाय. पडून असतो.”

“आणि सुतक नसताना?”

पहाटे काय होतं हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं, डोळ्यातल्या कणीएवढ्या झडपेलाही. गावात सनई बंद होती, देऊळ बंद होतं, पण शागीर्द वेळ पाळत होता. रोज ठरल्या घटकेला तो दार सताड उघडून फुंकरीची वाट बघायचा. फुंकर यायचीच नाही, आणि डोळ्यातलं पाणी मात्र निघून जायचं.

“पाच दिवसांत त्याला कळलं कसं नाही?” मी विचारलं. वर्गात विचारायचे तसंच विचारलं, थोडं रागानेच.

“थोडाथोडा फरक पडला तर ती झडप तो समजून घेते आणि स्वतःला बदलते. एकदम मोठा फरक पडला तर तिला ती चूक वाटते. मोजण्यात काहीतरी गडबड झाली, असं समजून ती जुनं शिकलेलंच धरून बसते. तीन आठवड्यांनी विसरेल. डोळ्याकडे तीन दिवसही नाहीत.”

झडप काढायची म्हणजे शस्त्रक्रिया, आणि असल्या फुगलेल्या डोळ्यात शस्त्रक्रिया म्हणजे रक्त फुटायची भीती. आत दाट औषध भरून दाब वाढवावा, तर शागीर्द पहाटे तेही बाहेर सोडणार. डॉक्टरांनी बाहुली सैल ठेवणारे आणि सूज उतरवणारे थेंब घातले, पण ते पुरणार नव्हते हे त्यांनी लपवलं नाही.

“एक रस्ता आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “त्याला हवं ते द्यायचं. पहाटे वाजवायचं, म्हणजे तो जेवढं सोडेल तेवढा दाब वरून मिळत राहील. मग रोज थोडं कमी वाजवायचं. थोडा फरक तो मान्य करतो. असं करत त्याला शांततेपर्यंत आणायचं.”

“दादाच्या सुतकात सनई?” सर्जेरावांनी मान हलवली. “डोळा गेला तर जाऊ दे.”

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की रडूही थांबलं.

“जाऊ दे म्हणता? उद्या गाव काय म्हणेल? दिनकरचं सुतक पाळलं आणि सर्जेराव आंधळा झाला. जन्मभर त्यांचं नाव कुठे लागलं नाही भाऊजी. ना पत्रिकेत, ना फलकावर. आणि आता लागणार ते असं? मी नाही लागू देणार.”

सर्जेराव माझ्याकडे बघत राहिले. त्यांना मी नीटशी दिसत नसणार, पण ऐकू पूर्ण आलं. हे मी पस्तीस वर्षांत एकदाही बोलले नव्हते.

ओसरीवरून तात्या म्हणाले, “देवघराची कडी पुन्यांदा काढायची न्हाई. सनई आत हाय.”

“एक बाहेर आहे,” मी म्हटलं.

सगळ्यांनी दिव्याकडे पाहिलं. दिनकरची सनई तिथेच होती, तात्यांनीच ठेवलेली. तात्या आत आले, भिंतीला टेकून बसले आणि विचार करू लागले. माणूस कडक, पण विचार करणारा.

“तिला सुतक हायच,” ते शेवटी म्हणाले. “तिच्या धन्याचंच हाय. जिला सुतक हाय, तिला हात लावल्यानं कुणाला नवं सुतक लागंल?” मग जरा थांबून, “पर तिच्यात गाणं न्हाई. नुसता सूर हाय.”

डॉक्टरांनी मान वर केली. “नुसता सूर म्हणजे?”

मी त्यांना गालातल्या हवेचं सांगितलं. त्या सरसावून बसल्या. छातीतून जोर केला तर डोक्याच्या शिरा तुंबतात आणि सुटलेल्या थरातच रक्त भरतं. ते अजिबात चालणार नव्हतं. पण छातीवर ताण न देता, हलका, एकसारखा आणि न तुटणारा दाब मिळाला, तर त्याच्यापेक्षा चांगलं काही नाही. म्हणाल्या, आत्ताच बघू, मी डबी डोळ्याजवळ धरून दाब बघते, पण मी थांबा म्हटलं की थांबायचं.

सर्जेरावांनी दिव्याला नमस्कार केला आणि भावाची सनई उचलली. मोठा श्वास घेतला आणि छातीतून फुंकली. स्वर निघाला, दमदार निघाला, आणि दुसऱ्याच क्षणी डॉक्टर म्हणाल्या, “थांबा.” पडद्यावरची रेघ भिंतीवर पाल चढावी तशी सरळ वर गेली होती. पुन्हा केलं. या वेळी हलकं फुंकलं, तर श्वास घेताना सूर तुटला आणि तोडलेला सूर पुन्हा पकडताना रेघ परत वर गेली. “थांबा.” तिसऱ्यांदाही तेच झालं. त्यांनी सनई मांडीवर ठेवली.

“वैनी,” ते हळू आवाजात म्हणाले, “दादा ह्ये कसं करायचा?”

इतकी वर्षं शेजारी बसून बघितलं नाहीत का, असं माझ्या ओठावर आलं होतं. ते गिळलं. उठले, स्वयंपाकघरातून पेलाभर पाणी आणि शहाळ्याची नळी आणली. आमचं लग्न झालं तेव्हा दिनकर रोज दुपारी हेच करत बसायचे. नळीतून पाण्यात हवा सोडायची, आणि बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. श्वास घेताना तर नाहीच नाही. नवी नवरी मी, मला वाटलं होतं आपल्या नवऱ्याला वेड लागलंय.

तर त्या दिवशी दुपारभर, ज्याला तीन जिल्ह्यांत शाली-नारळ मिळाले तो माणूस, घोंगडीवर बसून पेल्यात बुडबुडे काढत होता आणि मी मास्तरीण होऊन समोर बसले होते. “थांबले. पुन्हा. गाल आधी भरा, मग नाक.” डॉक्टर अधूनमधून दांडा पापणीला लावत आणि मान हलवत. एकदा सर्जेरावांना ठसका लागता लागता राहिला आणि मी पेला झटकन बाजूला ओढला. पण वळण होतं अंगात. दिवस कलायच्या आधी बुडबुडे सलग आले. सांजेच्या वेळेला त्यांनी तसाच थोडा सूर धरून पाहिला. दोनदा तुटला, पण रेघ उसळली नाही. दाब आदल्या सांजेइतका उतरलाही नाही.

डॉक्टर मुक्कामाला राहिल्या. म्हणाल्या, “आमच्या घरात पिढ्यानपिढ्या दर्ग्याची सेवा आहे. पहाटे उठायची सवय आहे मला.”

पहाटे आम्ही सगळे मधल्या खोलीत बसलो. डबी एका पट्टीने सर्जेरावांच्या कानशिलाला बांधली होती आणि आकडा डॉक्टरांच्या पडद्यावर उमटत होता. बारा. देवळाच्या वेळेला जरा अवकाश असतानाच आकडा हलू लागला. अकरा. नऊ. सात. शागीर्द दार उघडत होता.

“आता,” डॉक्टर म्हणाल्या.

सर्जेरावांनी सूर धरला.

काय सांगू तुम्हाला. तो दिनकरचा सूर होता. पस्तीस वर्षं तो मी रोज पहाटे अर्धवट झोपेत, चहा ठेवताना, केस विंचरताना ऐकला होता आणि कधी ऐकतेय असं वाटलंच नव्हतं. वर गाणं नव्हतं त्यामुळे तो पहिल्यांदाच एकटा ऐकू आला. किती भरलेला आवाज होता तो. मला वाटायचं ते सर्जेरावांच्या सनईखाली झाकले गेले. तसं नव्हतंच. सगळं उभं होतं ते त्यांच्यावर.

आकडा सातावर थांबला. आठ झाला. पुन्हा सात. मी आकड्याकडे बघत होते आणि ऐकत होते आणि दोन्ही जमत नव्हतं. नऊ. सर्जेरावांचे गाल भरले, नाकातून श्वास गेला, सूर तुटला नाही. दहा. डॉक्टरांचे ओठ काहीतरी पुटपुटत होते, पडद्यावरची नजर मात्र हलली नाही. अकरावर आकडा आला आणि तिथे बसला. शागीर्द पाणी सोडत होता, सूर दाब देत होता, आणि दोघांचं बरोबर जमलं होतं.

दाराशी माणसं जमली. देऊळ मुकं असताना सूर कुठून येतोय ते बघायला शेजारपाजारचे आले होते. कोणी आत आलं नाही, कोणी विचारलं नाही. तात्या भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटलेले, आणि पाणी गालांवरून खुशाल वाहत होतं. पुसायचंही भान नव्हतं त्यांना.

झडप मिटली तेव्हा उजाडलं होतं. सर्जेरावांनी सनई खाली ठेवली, दिव्यापाशी, होती तशी.

“दादा रोज ह्ये करायचा,” ते म्हणाले. “आन् मी वर नाचत बसायचो.”

सांजेला पुन्हा धरला. दुसऱ्या दिवशी थोडा कमी वेळ, थोडा हलका. शागिर्दाने तो फरक मान्य केला आणि दारही तेवढंच उघडलं. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. डॉक्टर रोज येऊन पापणीवर दांडा ठेवत आणि मला चित्र दाखवत. मधली फट रुंदावत होती. पाणी शोषलं जात होतं, फुगवटे उतरत होते, थर आपल्या भिंतीकडे परत जात होता.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. दिनकर कधीच कोणाला ताटकळत ठेवत नसत. घाटावरून आल्यावर सर्जेराव ओसरीवर बसले होते, मी तांब्या घेऊन आले. त्यांनी फुलपात्र माझ्याकडे न बघता डाव्या हाताने उचललं, अगदी कडेचं. मग एकदम थांबले. मान न हलवता त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

“वैनी,” ते म्हणाले, “टेकड्या गेल्या.”

डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही बाजूंनी थर भिंतीला टेकला होता, सगळीकडे. त्यांनी दोनदा बघितलं, मग दांडा पेटीत ठेवला आणि माझ्या गळ्यात पडल्या. मी सुतकात होते, त्या ड्यूटीवर होत्या, आणि आम्ही दोघी माध्यमिक शाळेतल्या पोरींसारख्या हसत होतो.

सुतक फिटलं. देवघर उघडलं. देवळात चौघडा पुन्हा सुरू व्हायचा होता. डॉक्टर म्हणाल्या, गालातल्या हवेने वाजवलंत तर सनईही खुशाल वाजवा, शागिर्दाला हळूहळू परत चढवत नेऊ. सगळ्या गावाला वाटलं, सर्जेराव आपल्या जागेवर बसतील. ते देवळात गेले, आपली सनई तात्यांच्या नातवाच्या, हणमंतच्या हातात दिली. चाळिशीचा झाला हणमंत, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. आणि स्वतः बाजूला, दिनकरच्या जागेवर, दिनकरची सनई घेऊन बसले.

“काका, ह्ये काय?” हणमंत गांगरला.

“वाजव तू. मला अजून ह्ये नीट येत न्हाई. शिकतोय.”

उत्सवाचा फलक यंदा त्यांनी स्वतः सांगून रंगवून घेतला. वर ठळक अक्षरांत: सूर, दिनकर साळुंखे यांचा. त्याखाली: धरणार, सर्जेराव. सनई, हणमंत. माणूस गेल्यावर त्याचं नाव फलकावर कसं, असं देवस्थानच्या कमिटीत कोणीतरी विचारलं म्हणे. तात्यांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि विषय संपला.

डॉक्टर मुजावरांकडे आता अशी झडप बसवायला दुरून माणसं येतात. कुस्तीगीर येतात, हमाल येतात, काचेच्या भट्टीवर फुंकणारे येतात. सगळ्या तपासण्या झाल्या की त्या एक प्रश्न विचारतात, जो कुठल्याही पुस्तकात नव्हता: तुमच्याकडे कोणी गेलं, तर तुम्ही काय बंद ठेवता? माणसं आधी दचकतात. मग सांगतात.

आणि आमच्याकडे रोज पहाटे तेच चालतं. मी आता देवळात जाऊन बसते, चहा नंतर. डबी सर्जेरावांच्या कानशिलाला बांधलेली असते, आणि तिचा आकडा माझ्या फोनवर दिसेल अशी सोय डॉक्टरांनी करून दिली आहे. सर्जेराव अजून मांडी घालत असतात, सनई अजून फडक्यातच असते, हणमंत आपल्या सनईची पत्ती ओली करत असतो. कोणीही काहीही वाजवलेलं नसतं. तेवढ्यात फोनवरचा आकडा हलकेच एक घर खाली येतो, आणि मला कळतं की दिनकरच्या सुरासाठी दार उघडलं.